खोलीतला घाट

गल्लीच्या तोंडाशी ज्याचं लाँड्रीचं दुकान आहे, त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, असं त्याची बायको लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. ती हे कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. एखाद्याच्या कोटाला इस्त्रीचा चटका बसला, तर दुसरा कुणी घडी अशी घालेल की डाग आत जावा. हा बहाद्दर गिऱ्हाईक दारात दिसल्याबरोबर "माझ्या हातून जळला" म्हणतो आणि बोलणी खात उभा राहतो. अशा माणसाने कितीतरी महिने एक खोटं सांभाळलं, तेही जिवाभावाच्या मित्राशी. ते त्याला किती जड गेलं असेल, याची कल्पना ज्यांना सहज खोटं बोलता येतं त्यांना यायची नाही.

दुकान म्हणजे पुढे एक फळी, फळीमागे इस्त्रीचं लांब टेबल आणि भिंतीशी वाफेचं मशीन. मशीनच्या पायाशी एक दांडा असतो. तो दाबला की वाफ सुटते. उजव्या पायाने वर्षानुवर्षं दांडा दाबून त्याची उजवी पोटरी डावीपेक्षा जाड झाली होती, आणि त्यामुळे सायकल चालवताना आपण जरासे डावीकडे ओढले जातो, असं तो गंभीरपणे सांगायचा. सायकल हे त्याचं वेड. बाकी माणूस साधा, कमी बोलणारा, चहात साखर जास्त घालणारा.

त्याचा मित्र लिफ्ट दुरुस्त करायचा. ओळख झाली ती ग्रीसने माखलेल्या एका डगल्यावरून.

"हे डाग निघायचे नाहीत," लाँड्रीवाला डगला उलटसुलट करून म्हणाला.

"मला माहीत आहे रे. पण बायकोला वाटतं निघतील. तू आपलं प्रयत्न केल्यासारखं कर."

"तसं कसं करू?"

मेकॅनिकने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं आणि हसून विचारलं, "बाहेरची सायकल तुझी का?" त्या दिवसापासून दोघांचं जमलं ते जमलंच.

मेकॅनिकला सगळे 'ब्रेक' म्हणत, कारण कुठलाही विषय काढा, तो शेवटी ब्रेकवर येऊन थांबायचा. "लिफ्ट वर जाते ती मोटरमुळे. पण माणूस घरी जातो तो ब्रेकमुळे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लाँड्रीवाल्याला तो 'इस्त्री' म्हणायचा. दोघांचा एकच बेत होता. डोंगर जिथे थेट समुद्रात पाय सोडून बसलेत, अशा एका किनाऱ्याने सायकलवरून जायचं, अगदी शेवटच्या दीपगृहापर्यंत. नकाशा घडीवर फाटत आला, बेत काही घडेना. कधी याच्या मुलीचं लग्न निघालं, कधी त्याच्या साहेबाने ऐन वेळी सुट्टी नाकारली. दरम्यान दोघांनी नकाशावरच्या चढांना नावंसुद्धा ठेवली. समुद्रात घुसलेलं टोक ते 'नाक'. त्याच्या अलीकडचा लांबलचक घाट ती 'सासूबाई', कारण भेटायची हौस कुणालाच नसते पण वाकल्याशिवाय सुटका नाही.

जाणं होत नाही म्हटल्यावर ब्रेकने डोकं चालवलं. भंगारातल्या लोखंडाचा त्याने एक घोडा बनवला. त्यावर सायकल चढवली की मागचं चाक अधांतरी राहायचं. चाकावरून एका जुन्या मशीनचा कॅनव्हासचा पट्टा घेतला. पट्ट्याचं एक टोक घोड्याला ठोकलेलं, दुसरं शेजारी खुर्चीत बसलेल्याच्या हातात. पट्टा ओढला की चाकाला घासतो आणि पायडल जड होतं. सोडला की रस्ता सपाट. खुर्चीत बसलेला मांडीवर नकाशा ठेवायचा, उंचीच्या रेषा वाचायचा आणि तसा पट्टा आवळायचा. त्याला ते 'रस्ता' म्हणत. रविवारी दुपारी ब्रेकच्या बाहेरच्या खोलीत एक जण स्वार व्हायचा आणि एक जण रस्ता, मग अदलाबदल. नियम असा की स्वाराने रस्त्याबद्दल कुरकुर करायची नाही आणि वाटेत गाव आल्याशिवाय चहा मागायचा नाही. ब्रेकची बायको आधण ठेवून आतून विचारायची, "गाव आलं का हो?" ती या दोघांना खुळे समजायची, पण आधण वेळेवर ठेवायची.

मग ब्रेकच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी जिने बंद केले, ओझं उचलणं बंद केलं, धाप लागेल असं काहीही बंद केलं. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना वर पोचवलं तो तळमजल्यावरच्या खोलीत अडकून पडला. हॉस्पिटलात त्याने लाँड्रीवाल्याचा हात धरला होता. तसा तो हात धरणाऱ्यातला नव्हे.

"मी बरा झालो की जाऊ. तोवर थांबशील ना रे इस्त्री?"

"थांबतो की. मला कुठे जायचंय."

घरी आल्यावर रविवार पुन्हा सुरू झाले. फरक इतकाच की आता अदलाबदल नव्हती. ब्रेक कायमचा रस्ता, हा कायमचा स्वार. एकदा निघताना वहिनी दारापर्यंत आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, रविवार तेवढा चुकवू नका. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. शनिवार आला की आपणहून दाढी करतात, गोळ्या मागून घेतात. कशासाठी, ते तुम्हाला माहीत आहे." लाँड्रीवाल्याने मान डोलावली. आपल्या पायांवर कुणाचा तरी जीव टांगलाय, हे त्याला तेव्हा लख्ख कळलं.

आणि तरीही तो गेला.

का गेला, हे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं. गुडघा वाजायला लागला होता, हे एक कारण. पण ते वरवरचं. खरं कारण त्याला उच्चारायचीही लाज वाटायची. एका रविवारी ब्रेकला नकाशावरचं एक लांब नाव एका दमात वाचता आलं नाही, आणि याच्या मनात आलं, की हा आता बरा व्हायचा नाही. मग आपण थांबलोय ते नेमकं कशासाठी? बरा होण्यासाठी नसेल, तर उरतं काय? त्या विचाराने तो इतका भ्याला, की ब्रेकच्या मरणाची वाट बघत बसण्यापेक्षा तो जिवंत असतानाच जाऊन आलेलं बरं, असा उफराटा हिशेब त्याने मांडला. सांगून गेला असता तर ब्रेकने कदाचित पाठीवर थापही मारली असती. पण सांगायला तोंड उघडलं की हॉस्पिटलातला तो हात आठवायचा. शेवटी मेहुण्याच्या घराचं छप्पर बदलायचंय, मदतीला जातो, असं त्याने ठोकून दिलं.

"माझ्या भावाचं छप्पर गळतंय हे मला आजच कळलं," त्याची बायको म्हणाली. "त्यालाही कळवू का?"

"कशाला उगाच."

"खोटं तुम्ही बोलायचं आणि बाजारात वहिनी भेटल्या की निस्तरायचं मी. जा. पण तुम्हाला पचायचं नाही, सांगून ठेवते."

सायकल बसच्या टपावर टाकून तो गेला, आणि जे जन्मभर कागदावर बघितलं होतं ते प्रत्यक्ष चाकाखाली आलं. सासूबाईंनी त्याला रडवलं. नाकाच्या अलीकडे नकाशात एक पूल आहे आणि पुलावरून रस्ता सरळ, सपाट जातो. प्रत्यक्षात पूल कधीच वाहून गेलेला. रस्ता तुटल्या काठावरून झपकन खाली ओढ्यात उतरतो, दगडगोट्यांतून पलीकडे जातो आणि मग भिंतीसारखा वर चढतो. उतरताना हँडलच्या ब्रेकवर त्याची बोटं पांढरी पडली. चढताना तो सीटवरून उठून उभ्याने पायडल मारत राहिला, छातीचा भाता झाला. वर पोचला आणि पाय टेकला. समोर अख्खा समुद्र पसरला होता. पण याच्या डोक्यात एकच चाललं होतं. ब्रेक विचारेल, छप्पर पत्र्याचं की कौलांचं? पत्र्याचं सांगावं. मग पत्रे किती लागले? त्याने तिथे उभ्या उभ्या मेहुण्याचं सगळं घर शाकारलं आणि सायकलवर बसून पुढे गेला.

परत आला तो उन्हाने करपून, आणि अर्ध्या बोटांच्या हातमोज्यांमुळे मनगटापर्यंत पंजे गोरे, पुढची बोटं काळी.

"मेहुण्याने चांगलंच राबवलं वाटतं," ब्रेक त्याच्या हातांकडे बघत म्हणाला. "हातमोजे घालून काम केलंस?"

"पत्र्याच्या कडा कापतात ना," हा म्हणाला. वाक्य इतकं सुरेख बाहेर पडलं की तो स्वतःच घाबरला.

तिथून पुढचे रविवार त्याला शिक्षेसारखे गेले. ब्रेक खुर्चीत बसून रस्ता वाचायचा आणि मध्येच नकाशावरून नजर उचलून म्हणायचा, "इथं वारा समोरून येत असेल, नाही?" वारा समोरून येत नव्हता, पाठीमागून ढकलत होता. हा म्हणायचा, "असेल." ब्रेक म्हणायचा, "या वळणावर माशांचा वास सुटत असेल." सुटत होता, अगदी तिथेच, बरोब्बर त्याच वळणावर सुटत होता. हा म्हणायचा, "असेल बुवा." जे 'आहे' म्हणून ठाऊक होतं त्याला सगळीकडे 'असेल' म्हणायचं, आणि ज्याला काहीच बघायला मिळालं नाही त्याने चाचपडत अंदाज करायचे. ब्रेकचा एखादा अंदाज बरोबर निघाला की याला वाईट वाटायचं. चुकला की त्याहून वाईट. दुकानात गिऱ्हाईक सहज म्हणालं, "काय, कुठे फिरून आलात की नाही?" तरी याचा हात इस्त्रीवर थबकायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

असं करत करत ते नाकाच्या अलीकडे पोचले.

त्या रविवारी ब्रेक खुशीत होता. दाढी गुळगुळीत, शर्टाला याच्याच हातची इस्त्री. "आता मजा," तो म्हणाला. "पुढे पूल आहे. एकदम सपाट. दमलास ना? आराम कर." त्याने पट्टा पार सैल सोडला.

लाँड्रीवाला पायडल मारत होता. मनात काहीच नव्हतं, घरी जाताना साबण न्यायचाय इतकंच. आणि काय झालं, तर पाय थांबले. मागचं चाक नुसतं टिकटिक करत फिरायला लागलं. बोटं आपली आपण हँडलच्या ब्रेकवर गेली. कंबर मागे सरकली. थोड्या वेळाने तो सीटवरून उठला, पुढे झुकला आणि उभ्याने दाबायला लागला. चाकावर भार काहीच नव्हता. पायडल गर्रकन फिरलं आणि तो जवळजवळ हँडलवर आपटला.

ज्याने सबंध आयुष्य बंद दाराआडच्या लिफ्टचा आवाज ऐकून तिचं दुखणं ओळखलं, त्या माणसाला चाकाची टिकटिक ऐकू आली नसेल असं म्हणण्यात अर्थ नव्हता.

"सपाट आहे म्हटलं ना मी?" ब्रेक म्हणाला.

"पाठ अवघडली जरा."

"अच्छा," ब्रेक म्हणाला. त्याने नकाशाची घडी घातली. "आज इथंच थांबू." आतून वहिनींनी विचारलं, "गाव आलं का हो?"

तो आठवडा लाँड्रीवाल्याने कसा काढला ते त्याच्या बायकोला विचारावं. एका वकिलाचा काळा कोट त्याने दोनदा दाबला आणि एका बाईची साडी दुसऱ्या बाईला दिली. शनिवारी वहिनी कपडे घ्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आज दाढी केली नाही त्यांनी. तुमचं काही बिनसलं का?" तो नाही म्हणाला. त्या गेल्यावर टेबलाला टेकून बराच वेळ उभा राहिला. गुन्हा केला तेव्हा इतकं लागलं नव्हतं. आता मात्र आपण त्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेतलाय, आणि वर त्यालाच वाढायला लावतोय, असं त्याला वाटलं. सांगितलं तर रविवार संपेल. न सांगावं तर तो संपल्यातच जमा आहे. रविवारच गेला तर ब्रेक कुठल्या दिवसासाठी उठून बसेल?

रविवारी ब्रेक खुर्चीत होता. गालांवर पांढरे खुंट. "मागच्या वेळचंच पुन्हा घेऊ," तो म्हणाला. "तुझी पाठ अवघडली होती ना."

लाँड्रीवाला सायकलवर चढला. ब्रेकने नकाशाकडे बघितलंही नाही. त्याची नजर याच्या पायांवर होती. सासूबाई मागे पडल्या, शेवटचं वळण मागे पडलं. "पूल आला," ब्रेक म्हणाला. "सपाट." आणि पट्टा सैल धरून वाट बघत राहिला.

हा पाय फिरवत राहिला. त्याने ठरवलं असतं तर पुलावरून तसाच गेला असता; आठवडाभर दुकानात त्याने तेवढं घोकलं होतं. पण जमलं नाही. तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "पट्टा आवळ."

"काय?"

"पूल नाहीये तिथं. वाहून गेलाय. रस्ता खाली ओढ्यात जातो आणि पलीकडे चढतो. पट्टा आवळ."

ब्रेकने आवळला.

"अजून," हा म्हणाला.

ब्रेकने अजून ओढला. कॅनव्हास चाकाला घासून जळका वास सुटला.

"अजून." हा उभा राहून पायडल दाबत होता, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो नुसता घाम नव्हता. ब्रेकने पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. तो विचारत होता, किती लांब, आणि हा सांगत होता, अजून आहे, अजून आहे. मग एकदम ब्रेकने पट्टा सोडून दिला आणि चाक मोकळं गरगरलं.

"छप्पर," ब्रेक म्हणाला.

"हो. तेव्हाच."

"पत्रे."

"हो."

ब्रेकला धाप लागली होती. ती बसायची त्याने वाट बघितली. "गेलास त्याचं काही नाही रे. मीच गेलो असतो तुझ्या जागी, आणि सांगितलंही नसतं. पण परत आल्यावर? इतके महिने मी इथं बसून वारा कुठून येत असेल ते तुला सांगतोय. तुला. आणि तू असेल असेल म्हणत मान डोलावतोयस. मला किती मूर्ख बनवलंस त्याचा काही अंदाज आहे?"

"चुकलं," लाँड्रीवाला म्हणाला. "फार चुकलं माझं."

"वर पोचल्यावर काय दिसतं?"

"कुठे?"

"तो चढ संपल्यावर. ओढ्याच्या पलीकडे. सांग की. आता तरी सांग."

लाँड्रीवाल्याने आठवून बघितलं. डोळे मिटून बघितलं. तिथे त्याला पत्रे दिसले, मेहुण्याचं घर दिसलं, आणि ब्रेक विचारेल ते सगळे प्रश्न ऐकू आले. समुद्र होता, समोर होता, एवढं ठाऊक होतं. त्याचा रंग कुठला, होड्या होत्या की नव्हत्या, काही म्हणजे काही नव्हतं.

"मी बघितलं नाही," तो म्हणाला. "तुला काय सांगायचं, ते जुळवत होतो."

ब्रेक त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग जरा वेळ तसाच राहिला आणि मग कुठेतरी गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा सोसायला कठीण होतं.

"उतर," ब्रेक म्हणाला.

हा उतरला. ब्रेक खुर्चीचे हात धरून उठला. सायकलीपर्यंत आला, हँडल धरून थोडा वेळ उभा राहिला आणि मग पाय टाकून बसला. आजारानंतर पहिल्यांदाच.

वहिनी दारात आल्या होत्या. "अहो, डॉक्टरांना विचारलंत का?"

"डॉक्टरांना सायकल येत नाही," ब्रेक त्यांच्याकडे न बघता म्हणाला. मग लाँड्रीवाल्याला म्हणाला, "बस खुर्चीत. पट्टा तू धर. रस्ता तुला माहीत आहे."

"अरे, पण..."

"धर. आणि खरा रस्ता दे. या वेळी फसवायचं नाही."

वहिनींनी लाँड्रीवाल्याकडे बघितलं. तो खुर्चीत बसला आणि त्याने पट्टा हातात घेतला. कॅनव्हास अजून गरम होता. ब्रेक हळूहळू पाय फिरवायला लागला. मोकळं चाक फिरवायला असं कितीसं बळ लागतं, तरी त्याच्या मानेची शीर तटतटून दिसत होती. तो पुढे बघत होता, समोरच्या भिंतीवर नव्हे, भिंतीच्या पलीकडे कुठेतरी.

"ओढा उतरलो का?"

"उतरलास."

"मग आता चढ."

लाँड्रीवाल्याची मूठ पट्ट्यावर घट्ट झाली होती. त्याने पट्टा ओढला नाही.

"चढ आला का रे?" ब्रेकने पुन्हा विचारलं. त्याचा श्वास तुटत होता.

"अजून नाही," लाँड्रीवाला म्हणाला. "सपाटच आहे अजून. तू चालव."